‘करिता’ सही: पासवर्ड न विचारता दुसऱ्याच्या खात्यातून काम कसं करायचं

माझे वडील औशाच्या तहसील कार्यालयात कारकून होते. शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाशेजारी बसायचे आणि जावकला निघालेली पत्रं वाचायचे. साहेब दौऱ्यावर असले की सही नायब तहसीलदार करायचे, पण साहेबांची सही काढायचे नाहीत. स्वतःची सही, खाली छापलेलं ‘तहसीलदार, औसा’, आणि शेजारी पेनानं लिहिलेला एक शब्द, ‘करिता’. पत्राला वजन तहसीलदारांचंच असायचं, पण पेन कोणाच्या हातात होतं तेही कळायचं. मला डेटाबेस सांभाळायला लागून चौदा वर्षं झाली. नव्या मुलांना हा विषय शिकवताना मी आजही याच शब्दापासून सुरुवात करते.

मी लातूरला राहते आणि लातूर, धाराशिव, बीड भागातल्या काही साखर कारखान्यांचे डेटाबेस बघते. बहुतेक ठिकाणी ओरॅकल हे डेटाबेस सॉफ्टवेअर आहे. कारखान्याच्या डेटाबेसात खाती साधारण कामाप्रमाणे असतात: वजनकाट्याचं ‘काटा’, ऊसनोंदीचं ‘शेतकी’, बिलांचं ‘हिशोब’. उदाहरणांसाठी हीच नावं धरते. माझं स्वतःचं खातं वेगळं आहे, त्याला इथे ‘मी’ म्हणू. आज्ञा मी फोनवरून सांगते तशाच देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, एवढं लक्षात ठेवा.

आता कोणी विचारेल, डीबीएकडे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे, सगळे अधिकार असताना दुसऱ्याच्या खात्यात शिरायची गरजच काय? गरज दोन वेळा हमखास पडते.

पहिली वेळ चूक शोधताना. काट्यावरचा क्लार्क सांगतो, ‘टेबल ऑर व्ह्यू डझ नॉट एक्झिस्ट’ (असं टेबलच नाही) येतंय. मी माझ्या खात्यातून तीच क्वेरी, म्हणजे माहिती मागणारी आज्ञा, चालवते तर ती सुरळीत चालते, कारण मला कुठलंही टेबल वाचायची मुभा आहे. माझ्या अधिकारांमुळे मला त्याची चूक दिसतच नाही. ती बघायची तर त्याच्या जागी उभं राहूनच बघावी लागते.

दुसरी वेळ मालकालाच करता येणाऱ्या कामांची. दुसऱ्याच्या स्कीमात, म्हणजे त्या खात्याच्या मालकीच्या जागेत, टेबल, व्ह्यू (साठवलेली क्वेरी), सिनॉनिम (टोपणनाव) डीबीएला करता येतं, पण खासगी डेटाबेस लिंक, म्हणजे एका डेटाबेसातून दुसऱ्यात जायची जोडणी, करता येत नाही. तुम्ही ‘हिशोब’ टिंब लिंकचं नाव असं लिहिलं, तर ओरॅकल ते टिंब लिंकच्या नावाचाच भाग समजतं आणि लिंक तुमच्याच खात्यात तयार होते. कारण लिंकच्या नावात टिंब चालतं. यात मी एकदा अर्धा दिवस घालवला आहे, तुमचा जाऊ नये म्हणून लिहिते.

आधी हे करू नका

पूर्वी सगळे जे करत तेच मीही शिकले होते. खात्याचा खरा पासवर्ड कोणालाच दिसत नाही, पण त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून बनवलेला सांकेतिक ठसा, सिस्टिमच्या यूजर-डॉलर टेबलात असतो. तो हॅश लिहून घ्यायचा, पासवर्ड तात्पुरता बदलायचा, आत जाऊन काम उरकायचं आणि बाहेर आल्यावर ‘आयडेंटिफाइड बाय व्हॅल्यूज’ देऊन जुना हॅश परत बसवायचा. मालकाला पत्ताही लागत नाही. त्यातच मोठी खोट आहे, पण ते मला फार उशिरा कळलं.

एका कारखान्यावर ऐन गाळपात, रात्री साडेतीनच्या पुढे, मी ‘काटा’ खात्यावर हेच केलं. पाच मिनिटांचं काम, असं मनाशी धरलं होतं. आधीपासून आत असलेल्या सेशनना, म्हणजे चालू जोडण्यांना, पासवर्ड बदलल्याचा त्रास होत नाही, म्हणून काटा चालूच होता. पण चार वाजता पाळी बदलली. नव्या पाळीच्या माणसांनी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला आणि प्रोग्रॅम जुन्या पासवर्डनं दार ठोठावू लागला. ओरॅकलच्या डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये (खात्याला लागणाऱ्या नियमांच्या संचात) दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक होतं आणि एक दिवस लॉक राहतं. दोन काटे, दोन संगणक आणि आपोआप पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्रॅम. दहा प्रयत्न व्हायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काट्यावरून फोन आला, “ताई, ते आत शिरूच देईना झालंय. गाड्या वाढूलाल्यात.”

मी खातं अनलॉक केलं आणि जुना हॅश परत बसवायला गेले, तर ओआरए-२८००७ आलं. वापरलेला पासवर्ड पुन्हा चालणार नाही! त्या खात्याच्या प्रोफाइलला जुने पासवर्ड न स्वीकारण्याचा नियम लावलेला होता आणि मीच टाकलेल्या तात्पुरत्या पासवर्डमुळे खरा पासवर्ड आता ‘जुना’ ठरला होता. खात्याचं प्रोफाइल बदला, हॅश बसवा, प्रोफाइल परत लावा, पुन्हा तपासा, यात पाऊण तास गेला. तोवर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यापर्यंत उभ्या होत्या. तोडलेला ऊस उभ्या गाडीत वाळतो आणि त्याचं वजन घटतं. ते नुकसान शेतकऱ्याचं होतं आणि माझ्यामुळे झालं होतं.

सकाळी लॉगमध्ये बघितलं तर त्या वेळात ‘काटा’ खात्यातून जे जे झालं, ते ‘काटा’नं केलं एवढंच लिहिलेलं होतं. माझं नाव कुठेच नाही. ही दुसऱ्याची सही काढणंच झालं. त्या रात्री कोणी एखादी वजनपावती बदलली असती, तर ती मी बदलली नाही हे मला सिद्ध करता आलं नसतं. त्या दिवसापासून मी ही पद्धत सोडली.

पासवर्ड विचारून घेणं तर त्याहून वाईट. कोणी आपणहून सांगायला लागलं तरी मी थांबवते. एकदा पासवर्ड कानावर पडला की त्या खात्यात पुढे जे काही होईल, त्यात संशयित म्हणून तुमचं नाव येतं.

ओरॅकलमधली ‘करिता’ सही

योग्य रस्ता ओरॅकलमध्ये आधीपासून आहे. त्याला प्रॉक्सी ऑथेंटिकेशन म्हणतात. आधी खात्यावर परवानगी नोंदवायची:

ऑल्टर यूजर हिशोब ग्रँट कनेक्ट थ्रू मी;

मग आत जायचं ते स्वतःच्या पासवर्डनं:

कनेक्ट मी[हिशोब]/माझापासवर्ड@कारखाना

चौकोनी कंसाच्या बाहेर मी, आत मी ज्याच्याकरिता आले ते खातं. ‘हिशोब’चा पासवर्ड कोणी विचारला नाही, बदलला नाही, बिलांच्या प्रोग्रॅमला धक्का लागला नाही. ‘शो यूजर’ म्हटलं तर उत्तर येतं हिशोब. अधिकारही हिशोबचेच, जास्त नाही आणि कमी नाही. म्हणजे क्लार्कला दिसणारी चूक आता तुम्हालाही दिसेल. आणि तुम्ही खरे कोण, ते सेशनला माहीत असतं:

सिलेक्ट सिस_कॉन्टेक्स्ट('यूजरएन्व्ह','प्रॉक्सी_यूजर') फ्रॉम ड्युअल;

उत्तर येतं ‘मी’. हे उत्तर पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वडिलांच्या कार्यालयातली ती पत्रं आठवली.

‘मी’ या खात्याला यासाठी सेशन उघडण्यापलीकडे कुठलाही अधिकार लागत नाही. म्हणजे डीबीए नसलेल्या माणसालाही हाच रस्ता देता येतो. शेतकी विभागाचा प्रोग्रॅमर आणि बिलांचा प्रोग्रॅमर दोघे ‘हिशोब’मध्ये काम करत असतील, तर दोघांना एकच पासवर्ड वाटू नका. दोघांना स्वतःची खाती द्या आणि त्यातून जायची परवानगी द्या. एकजण नोकरी सोडून पुण्याला गेला तर त्याचं खातं बंद करायचं, बाकी काही बदलायला नको.

लिंकचं उदाहरण पूर्ण करते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर पंधरा टक्के दरानं व्याज लागतं. म्हणून पंधरवड्याचं बिल अडून चालत नाही. बिलाला काट्याच्या डेटाबेसातली वजनं लागतात आणि ती लिंकवरून येतात. मी काट्याच्या डेटाबेसवर फक्त वाचण्यापुरतं वेगळं खातं केलं, मग मी[हिशोब] म्हणून आत गेले आणि ‘क्रिएट डेटाबेस लिंक’ नेहमीसारखं चालवलं. लिंक ‘हिशोब’च्या मालकीची झाली. मात्र त्यासाठी ‘हिशोब’ला क्रिएट डेटाबेस लिंक हा अधिकार हवा. नसेल तर तो आधी द्या, काम झाल्यावर काढून घ्या.

हीच गोष्ट दुसऱ्या आडवाटेनंही होते. ‘हिशोब’च्या स्कीमात एक प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसातच साठवलेला छोटा प्रोग्रॅम, तयार करायची, तिच्या पोटात लिंकची आज्ञा ठेवायची आणि ती आपण चालवायची. प्रोसीजर मालकाच्या अधिकारानं चालते, त्यामुळे लिंक मालकाच्या नावानं होते. तिच्यात रोलमधून (अधिकारांच्या गठ्ठ्यातून) मिळालेले अधिकार चालत नाहीत, थेट दिलेलेच चालतात. प्रॉक्सी जमत नसेल तेव्हाच ही वाट धरा, आणि नंतर ती प्रोसीजर काढून टाका. जुन्या डेटाबेसांत अशा ‘टेम्प’ नावाच्या अनाथ प्रोसीजर मला वारंवार सापडतात.

‘ऑल्टर सेशन सेट करंट_स्कीमा’ याबद्दलही लोकांचा नेहमी गोंधळ होतो. त्यानं फक्त नावं कुठे शोधायची ते बदलतं. टेबलाच्या नावामागे ‘हिशोब टिंब’ लिहावं लागत नाही, बस. अधिकार तुमचेच राहतात, लिंकही तुमच्याच खात्यात होते. टायपिंग वाचवायला उत्तम आहे. पण हिशोबच्या जागी उभं राहिल्याचं समजून कोणी यावरून चाचणी करत असेल, तर ती चाचणी खोटी ठरेल.

प्रॉक्सीचेही काही काटे आहेत. समोरचं खातं लॉक असेल तर प्रॉक्सीनंही दार उघडत नाही. परवानगी देताना ‘विथ रोल’ लावून ठरावीक रोलच चालू ठेवता येतात, पण त्यानं फक्त रोल आवळले जातात. ‘हिशोब’ स्वतःच्या टेबलांचा मालक आहे, आणि मालकाला स्वतःचं टेबल काढून टाकायला कुठलाही रोल लागत नाही. म्हणून मालक खात्याची परवानगी देताना हात आखडताच ठेवा. आणि डीबीए खात्यातून जायची परवानगी ज्याला दिली तो डीबीए झाला, हे विसरू नका.

ओरॅकलच्या १८सी आवृत्तीपासून आणखी एक सोय आली, आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. खात्याला पासवर्डच ठेवायचा नाही:

ऑल्टर यूजर हिशोब नो ऑथेंटिकेशन;

आता ‘हिशोब’ म्हणून थेट कोणीच येऊ शकत नाही, पण मी[हिशोब] चालतं. पासवर्डच नाही म्हणजे फुटण्यासारखं, लिफाफ्यात ठेवण्यासारखं, कोणाला सांगण्यासारखं काही उरत नाही. प्रोग्रॅम मालक खात्यानं थेट लॉगिन करत असेल तर मात्र आधी त्याच्यासाठी वेगळं, मोजक्या अधिकारांचं खातं करा. ही आज्ञा हंगामात देऊ नका. मी पावसाळ्यात करते, कारखाना बंद असताना.

नाव नोंदलं जातंय का, ते बघा

‘करिता’ लिहिलं आणि जावक रजिस्टरात नोंदच झाली नाही, तर काय उपयोग? ओरॅकलच्या १२सी आवृत्तीपासूनच्या युनिफाइड ऑडिटमध्ये (कोणी काय केलं त्याच्या नोंदवहीत) डीबीप्रॉक्सी_यूजरनेम नावाचा रकाना आहे. खात्याच्या नावाशेजारी त्यात तुमचं नाव येतं. मी ऑडिट पॉलिसी लिहिताना अट घालते: प्रॉक्सी_यूजर रिकामा नसेल त्या सेशनची प्रत्येक क्रिया नोंदवा, आणि अट सेशनमागे एकदाच तपासा. काट्याच्या रोजच्या हजारो नोंदींनी ऑडिट भरत नाही, पण कोणी दुसऱ्याकरिता शिरलं की सगळं लिहिलं जातं.

आत गेल्यावर मी पहिली आज्ञा देते ती डीबीएमएस_सेशन टिंब सेट_आयडेंटिफायर, आणि त्यात मागणीचा क्रमांक टाकते. तो ऑडिटच्या क्लायंट_आयडेंटिफायर रकान्यात येतो. सहा महिन्यांनी लेखापरीक्षकानं विचारलं तर कोण, कोणाकरिता आणि कशासाठी, तिन्ही उत्तरं एका ओळीत मिळतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे असतात, तेव्हा ऑडिट साफ करणारा जॉब किती दिवसांवर लावला आहे तेही बघून घ्या.

एक जागा सगळे विसरतात. टेबलांवर ‘कोणी बदललं’ हा रकाना भरणारे ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम) असतात आणि ते बहुधा ‘यूजर’ एवढंच घेतात. प्रॉक्सीनं गेलात तर तिथे ‘हिशोब’ पडेल. ट्रिगरमध्ये प्रॉक्सी_यूजर असेल तर तो, नाहीतर सेशन_यूजर, असं करून घ्या.

दुसऱ्या डेटाबेसांत

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना हे काम सोपं आहे. स्वतःच्या नावानं लॉगिन करा आणि म्हणा:

सेट रोल हिशोब;

आता करंट_यूजर हिशोब, पण सेशन_यूजर तुम्हीच, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये वापरकर्त्याचं नाव तुम्ही लॉगिन केलं तेच राहतं. परत यायला ‘रिसेट रोल’. एका ट्रान्झॅक्शनपुरतंच हवं असेल तर ‘सेट लोकल रोल’, म्हणजे काम पक्कं (कमिट) किंवा रद्द (रोलबॅक) झालं की आपोआप परत. विसरभोळ्या रात्रींसाठी हे फार चांगलं. ‘सेट सेशन ऑथरायझेशन’ही आहे, पण ते सुपरयूजरलाच (सगळे अधिकार असलेल्या खात्यालाच) चालतं आणि त्यात सेशन_यूजरसुद्धा बदलतो, म्हणजे ‘करिता’ पुसलं जातं. मी ते टाळते.

सेट रोल करायला त्या रोलचं (पोस्टग्रेसमध्ये खात्यालाही रोलच म्हणतात) सदस्यत्व लागतं. १६व्या आवृत्तीपासून सदस्यत्व देताना ‘इनहेरिट फॉल्स, सेट ट्रू’ असं लिहिता येतं. म्हणजे एरवी हिशोबचे अधिकार तुमच्या अंगावर नसतात, मुद्दाम सेट रोल म्हटल्यावरच येतात. ‘हिशोब’ रोल नोलॉगिन ठेवा, तेच वर सांगितलेलं बिनपासवर्डचं खातं झालं. ओळीनिहाय सुरक्षा लावली असेल, समजा प्रत्येक गटाच्या शेतकी अधिकाऱ्याला आपल्याच गावांचा ऊस दिसावा, तर तिची चाचणी सुपरयूजर म्हणून करूच नका. सुपरयूजरला ते नियम लागूच होत नाहीत. सेट रोल करूनच बघा. फक्त लक्षात ठेवा, ‘रिसेट रोल’ कोणालाही म्हणता येतं. बाहेरून आलेली, न वाचलेली स्क्रिप्ट अशा सेशनमध्ये सुरक्षित आहे असं समजू नका.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एक्झिक्यूट अॅज यूजर’ आणि परत यायला ‘रिव्हर्ट’. इम्पर्सोनेट ही परवानगी लागते. यूजर म्हटलं तर त्याच डेटाबेसपुरतं, लॉगिन म्हटलं तर संपूर्ण सर्व्हरवर. नोंदीसाठी ओरिजिनल_लॉगिन हे फंक्शन वापरा, ते मूळ माणूस सांगतं. एसयूजर_एसनेम सांगतं ते सोंगाचं नाव.

मायएसक्यूएलमध्ये इतका सरळ रस्ता नाही. प्रॉक्सी अधिकार आहे, पण तो ऑथेंटिकेशन प्लगइनच्या आधारानं चालतो आणि त्याची मांडणी करावी लागते. चूक शोधायची असेल तर मी ‘शो ग्रँट्स फॉर’ नं अधिकार वाचते आणि तेवढेच अधिकार असलेलं चाचणी खातं करून बघते.

माझी रीत

परवानगी मी तोंडी घेत नाही. खात्याचा जो विभागप्रमुख असेल त्याच्याकडून लेखी मागणी घेते: काय बघायचं, का, आणि कधीपर्यंत. व्हॉट्सअॅपवरचा निरोप चालतो, पण तो मी मेलवर उतरवून त्यांना परत पाठवते. रात्रीबेरात्री काटा अडला असेल तर आधी काम आणि सकाळी कागद. ऑडिटमध्ये माझं नाव असतं म्हणूनच हे करायची मला हिंमत होते.

काम झालं की लगेच:

ऑल्टर यूजर हिशोब रिव्होक कनेक्ट थ्रू मी;

हे उद्यावर टाकलं की राहतं. म्हणून दर सोमवारी सकाळी प्रत्येक कारखान्याच्या डेटाबेसवर मी एक क्वेरी चालवते, प्रॉक्सी_यूजर्स या व्ह्यूवर. कोणाला कोणाकरिता जाता येतं त्याची पूर्ण यादी तिथे असते. आलेली प्रत्येक ओळ मागणीच्या वहीशी जुळवते. गेल्या हंगामात अशी एक ओळ निघाली, जिची मागणी दिवाळीतच संपली होती. परवानगी माझ्याच नावावर होती. ती त्याच मिनिटाला काढली, वहीत तारखेसह लिहिलं आणि विभागप्रमुखांना फोन करून सांगितलं.